‘क्रम’चं ‘कर्म’ होतं तेव्हा

कागदावर ‘उपेक्षा’ छापलेलं असतं आणि डोळे ‘अपेक्षा’ वाचून पुढे निघून जातात. ‘परिमाण’चं ‘परिणाम’ होतं, ‘व्रण’चा ‘वर्ण’ होतो. दोन ओळी पुढे गेल्यावर अर्थ लागेनासा होतो आणि मागे यावं लागतं. अधूनमधून हे सगळ्यांचंच होतं. काही माणसांचं मात्र दिवसातून अनेकदा होतं, शाळेपासून होत आलेलं असतं, आणि ते कुणाला कळू न देता ती वर्षानुवर्षं कामं उरकत असतात. मोठ्याने वाचायची वेळ आली की घसा बसल्याचं सांगतात, फॉर्म घरी नेऊन भरतात, लांबलचक मजकूर आला की ‘थोडक्यात सांगा ना’ म्हणतात. मग कधीतरी स्वतःच्या मुलाच्या वाचनाची तपासणी होते, डॉक्टर लक्षणं सांगू लागतात आणि ती सगळी ओळखीची निघतात.

अशा वेळी ‘मला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची जन्मजात अडचण, आहे का?’ हा प्रश्न लगेच मनात येतो. त्याआधी दुसरा एक प्रश्न जास्त कामाचा आहे: माझं वाचन नेमकं कुठे घसरतं? किती चुका होतात यापेक्षा कशा होतात यातून बरंच काही कळतं.

वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत. ते उड्या मारत जातात. प्रत्येक उडीनंतर साधारण २०० ते २५० मिलिसेकंद थांबतात आणि तेवढ्यात समोरची मोजकी अक्षरं स्पष्ट टिपतात. सराईत वाचकाच्याही दहातल्या एक-दोन उड्या मागच्या दिशेने असतात. टिपलेल्या आकारांचं काम पुढे मेंदूच्या डाव्या बाजूला, मागच्या-खालच्या भागातला एक छोटासा पट्टा करतो. ओळखीचा शब्द तो एका झटक्यात ओळखतो. अनोळखी शब्द आला तर अक्षराला आवाज जोडत, तुकडे सांधत पुढे जावं लागतं. या दोन वाटांच्या जोडीला अंदाज असतोच. आधीच्या वाक्यावरून पुढे काय येणार याची मेंदू तयारी करून ठेवतो, आणि दिसलेलं अक्षर अंधुक असेल तर तयार ठेवलेला शब्दच ‘वाचतो’. पगाराबद्दलच्या मजकुरात ‘अपेक्षा’ येण्याची शक्यता जास्त, म्हणून ‘उपेक्षा’चा बळी जातो.

डिस्लेक्सिया असलेल्या माणसात मुख्य अडचण असते ती अक्षर आणि आवाज यांच्या सांध्यात. बोललेला शब्द सुट्या आवाजांत फोडणं, ते आवाज क्रमाने धरून ठेवणं, अक्षराशी त्यांची जोडी पटकन लावणं ही कामं त्याच्या मेंदूत सावकाश आणि कष्टाने होतात. डोळ्यांना अक्षर उलटं दिसतं हा समज फार पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. सांधा कच्चा असल्यामुळे अंदाजावर भार टाकावा लागतो. हुशार माणसाचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, त्यामुळे ही अडचण झाकली जाते. बातमी वाचताना काही जाणवत नाही. औषधाचं नाव, अनोळखी आडनाव किंवा कराराचं कलम समोर आलं की जाणवतं, कारण तिथे अंदाजाला धरायला काहीच नसतं.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो चलाख होता, ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने झटपट आणि अचूक केला. वाचता मात्र येत नव्हतं, आणि ‘पर्सी’ हे स्वतःचं नाव तो ‘प्रेसी’ असं लिहायचा. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्याच्या नऊ वर्षं आधी, १८८७ मध्ये, रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी वापरात आणला होता, पण तो मोठेपणी मेंदूला इजा होऊन वाचन गमावलेल्या रुग्णांसाठी. जन्मापासूनची अडचण वेगळी असते हे मॉर्गन यांच्या त्या एकाच रुग्णावरून लोकांच्या लक्षात येऊ लागलं.

पर्सीची चूक देवनागरीत लिहिली की रफार आणि खालचा र यांची अदलाबदल दिसते. आपल्या लिपीत अडखळण्याच्या खास जागा आहेत, आणि इंग्रजीवरून लिहिलेल्या माहितीत त्या सापडत नाहीत. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो पण उच्चार आधी होतो. म्हणून ‘क्रम’ आणि ‘कर्म’, ‘व्रण’ आणि ‘वर्ण’ यांत तीच अक्षरं असूनही डोळ्यांचा क्रम आणि जिभेचा क्रम जुळत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. घ-ध, भ-म, थ-य, ष-प या जोड्यांत एखादी गाठ किंवा रेघ काय ती वेगळी. ‘रव’ आणि ‘ख’ काही टाइपांत जवळजवळ एकच दिसतात. जोडाक्षरात अर्धं अक्षर हरवतं. आणि शब्दांमधली मोकळी जागा चुकली तर ‘करून ये’चं ‘करू नये’ होतं, म्हणजे होकाराचा नकार.

इंग्रजीत एकच स्वर अनेक तऱ्हांनी उच्चारला जातो, त्यामुळे तिथे डिस्लेक्सियाच्या चुका भराभर दिसतात. मराठीसारख्या, लिहिलं तसं वाचायच्या भाषांत चुका कमी होतात पण वेग मंद राहतो. इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांच्या २००१ मधल्या एका अभ्यासात हेच दिसलं. डिस्लेक्सिया असलेल्यांपैकी इटालियन लोक इंग्रज आणि फ्रेंच लोकांपेक्षा अचूक वाचत होते, पण वाचताना तिघांच्याही मेंदूत डावीकडचा तोच भाग कमी काम करत होता. म्हणून ‘मला मराठी नीट येतं, फक्त इंग्रजीतच गडबड होते’ एवढ्यावरून शंका फेटाळू नये. मराठीतलं एक पान सोबतच्या माणसापेक्षा दुप्पट वेळ घेत असेल तर तीही खूण आहे. शुद्धलेखन, फोन नंबर ऐकून लिहिणं, नवीन नाव तोंडात बसणं यांतही जन्मभर त्रास होत असेल तर शंका आणखी बळावते.

हे कुटुंबात उतरतं. डिस्लेक्सियाचं निदान झाल्याचं सांगणाऱ्या ५१,८०० प्रौढांची जनुकं दहा लाखांहून अधिक इतरांशी ताडून पाहणारा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४२ ठिकाणी फरक सापडला. एक जनुक शोधून निकाल लावता येईल असं ते प्रकरण नाही. लोकसंख्येत प्रमाण साधारण ५ ते १० टक्के धरतात. रेघ कुठे ओढायची यावर आकडा हलतो, कारण वाचनक्षमता उंचीसारखी सलग पसरलेली असते.

आता डिस्लेक्सिया नसलेल्या गोष्टी. आजवर सहज वाचणाऱ्या माणसाला अचानक, काही तासांत किंवा एका सकाळी, वाचता येईनासं झालं तर ती तातडीची बाब आहे. पक्षाघाताची शक्यता धरून लगेच रुग्णालय गाठावं. लिहिता येतं पण स्वतःचंच लिहिलेलं वाचता येत नाही, अशा रुग्णाचं वर्णन फ्रेंच मेंदूतज्ज्ञ जूल देजरीन यांनी १८९२ मध्येच केलं होतं. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होणं हा चष्म्याचा प्रश्न. शब्द दुहेरी दिसत असतील आणि एक डोळा झाकल्यावर एकेरी होत असतील, तर दोन डोळ्यांचा मेळ बसत नाहीये, नेत्रतज्ज्ञांकडे जावं. झोप अपुरी असेल तर कुणाचंही वाचन ढासळतं. लक्ष भरकटण्याची जन्मजात अडचणही चुका करवते, आणि ती डिस्लेक्सियाच्या जोडीने अनेकदा आढळते.

मग एक वही करायची आणि दोन आठवडे तिच्यात चुका टिपायच्या. प्रत्येक चुकीला एक ओळ: छापलं होतं काय, वाचलं काय, कागद की पडदा, किती वाजले होते, चूक कशामुळे लक्षात आली. लगेच टिपावं, कारण संध्याकाळपर्यंत नेमका शब्द आठवत नाही. पन्नासेक नोंदी झाल्या की त्यांचे ढीग आपोआप पडतात. ‘परिमाण’चं ‘परिणाम’ अशा नोंदींत मधली अक्षरं जागा बदलतात, म्हणजे क्रम सुटतो. ‘बँकेने’चं ‘बँकेला’ अशा नोंदींत शब्दाचं डोकं वाचून शेपूट अंदाजाने लावलेली असते. शेजारच्या शब्दातलं अक्षर या शब्दात आलं, किंवा ओळच सुटली, तर मजकुराची दाटी त्रास देते आहे. सगळ्या नोंदी रात्री दहानंतरच्या असतील तर उपाय झोपेत आहे.

घरी करण्यासारखी आणखी एक चाचणी आहे. ओळखीच्या माणसाकडून २० खरे शब्द आणि २० निरर्थक शब्द लिहून घ्यावेत. निरर्थक म्हणजे ‘गलटीप’, ‘मुरकेश’, ‘स्नोडाप’, ‘तृबीलक’ असे. दोन्ही याद्यांत अक्षरांची आणि जोडाक्षरांची संख्या सारखी हवी. दोन्ही याद्या मोठ्याने वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात, वेळ पाहावी, चुका त्याच माणसाला मोजू द्याव्यात. निरर्थक शब्दांना थोडा जास्त वेळ सगळ्यांनाच लागतो. पण तिथे वाचन कोसळत असेल, प्रत्येक शब्दाचा जवळचा खरा शब्द करून वाचला जात असेल, तर अक्षर-आवाजाचा सांधा कच्चा असण्याची शक्यता आहे. हे निदान नव्हे. पण तज्ज्ञांकडे जावं का, हे ठरवायला एवढं पुरतं.

वाचन-अडचणींचं काम करणारे मानसशास्त्रज्ञ खऱ्या आणि निरर्थक शब्दांचं वेळ लावून वाचन घेतात. रंग, अंक, चित्रं यांची नावं भराभर म्हणायला लावतात, शब्दातला एखादा आवाज गाळून उरलेला शब्द सांगायला लावतात, लेखन तपासतात आणि लहानपणची विचारपूस करतात. जुन्या वह्या, प्रगतिपुस्तकं, शिक्षकांचे शेरे सोबत न्यावेत. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निकषांनुसार सतरा वर्षांवरच्या व्यक्तीत अडचणींचा नोंद असलेला पूर्वेतिहास प्रमाणित चाचणीच्या जागी ग्राह्य धरता येतो. बुद्ध्यांक जास्त आणि वाचन कमी अशी तफावत दाखवण्याची अट त्या निकषांत नाही.

निदान होवो न होवो, मजकुराची मांडणी बदलणं आजच करता येतं. अक्षर १२ ते १४ पॉइंट, ओळीत ६० ते ७० अक्षरं, ओळींमधलं अंतर दीडपट, उजवी कड सरळ रेषेत न आणता मोकळी सोडलेली. अक्षरांमधलं अंतर वाढवावं हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि त्याला आधारही आहे: २०१२ च्या एका प्रयोगात १४ पॉइंटच्या मजकुरात अक्षरांमध्ये अडीच पॉइंट जास्त जागा सोडल्यावर डिस्लेक्सिया असलेली इटालियन आणि फ्रेंच मुलं जास्त नीट वाचू लागली. तो सल्ला देवनागरीला जसाच्या तसा लावू नये. इथे अक्षरांमधली जागा वाढवली की शिरोरेषा तुटते, शब्द एकसंध दिसेनासा होतो आणि काही सॉफ्टवेअरमध्ये वेलांट्या जागेवरून हलतात. त्याऐवजी शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवावं. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना टेकतात, तिथेच डोळा ओळ चुकतो.

डिस्लेक्सियासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खास अक्षरवळणांवर आणि रंगीत काचांवर पैसे घालवू नयेत. खास वळणाचा थोडाफार फायदा दिसलाच तर तो मोकळ्या अंतराचा निघाला. रंगीत काचांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्रितपणे सांगितलं आहे.

खरा आधार कानाचा. मजकूर वाचून दाखवणारी सोय फोनमध्ये असतेच. ती लावून डोळ्यांनी तोच मजकूर पाहत जावा. स्वतः लिहिलेलं पत्र तर हमखास ऐकूनच पाठवावं, कारण आपण काय लिहिलंय हे मेंदूला आधीच ठाऊक असतं आणि तो चुकीच्या जागी बरोबर शब्द पाहतो. खाते क्रमांक चार-चार आकड्यांत तोडून भरावा, मग भरलेला आकडा फोनला वाचायला लावून डोळे मूळ कागदावर ठेवावेत. एकच चूक डोळ्याने आणि कानाने दोन्हीकडे होणं दुर्मीळ असतं.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, नेमकं जिथे थकलेला वाचक अंदाजावर सोडून देतो. औषधाच्या, यंत्राच्या, कराराच्या सूचना वाचताना आधी प्रत्येक वाक्याचं शेवटचं क्रियापद बोट ठेवून वाचावं, ‘घ्यावे’ आहे की ‘घेऊ नये’, आणि मग वाक्य सुरुवातीपासून. लांब शब्द पेन्सिलीने तोडावेत: कार्यालयां/मधल्यां/साठी. रोज पंधरा-वीस मिनिटं, दीडशे-दोनशे शब्दांचा एकच उतारा तीन-चार वेळा मोठ्याने वाचला की त्यातले शब्द झटक्यात ओळखण्याच्या वाटेवर येतात. मोठ्या वयातही हे होतं, मात्र वेग इतरांच्या बरोबरीला येईलच असं नाही. कामाच्या ठिकाणी मागायची गोष्ट त्यामुळे साधी आहे: बैठकीचे कागद आदल्या दिवशी मिळावेत, आणि बैठकीत कुणालाही आयत्या वेळी मोठ्याने वाचायला लावू नये.