पॅड बनलं होतं, पण मागायचं कसं?

मेडिकलवाला आजही पॅडचा पुडा पेपरात गुंडाळून वर काळ्या पिशवीत घालून देतो ना, तसली लपवाछपवी पॅडच्या अगदी जन्मापासूनची आहे, आणि ती सुरू झाली तिकडे अमेरिकेत.

जॉन्सन अँड जॉन्सनने १८९० च्या दशकातच वापरून फेकून द्यायचे पॅड काढलेले, लिस्टर्स टॉवेल्स नावाने. चालले नाहीत. दुकानात पुरुषासमोर उभं राहून हे मागणार कोण? बायका आपल्या घरच्या कापडाच्या घड्याच धुऊन धुऊन वापरत राहिल्या.

मग पहिलं महायुद्ध. विस्कॉन्सिनमधल्या किंबर्ली-क्लार्क या कागद बनवणाऱ्या कंपनीकडे लाकडाच्या लगद्यापासून केलेलं सेल्युकॉटन होतं, कापसापेक्षा स्वस्त आणि कितीतरी जास्त शोषून घेणारं, ते युद्धावरच्या हॉस्पिटलांत जखमांच्या ड्रेसिंगसाठी जायचं, आणि तिथल्या नर्सेसनी तेच पाळीत वापरायला सुरुवात केली. मला तर वाटतं या सगळ्याचं पहिलं क्रेडिट त्या नर्सेसचंच आहे, त्यांची नावंसुद्धा कुठे येत नाहीत याचं वाईट वाटतं. युद्ध संपलं, ड्रेसिंगची मागणी आटली, माल पडून राहिला, आणि १९२० मध्ये त्यातूनच कोटेक्स नावाचं पॅड बाजारात आलं.

१९२१ ला लेडीज होम जर्नल या बायकांच्या मासिकात त्याची जाहिरात आली तर त्यात नर्सेस आणि जखमी सैनिक, पाळीचा शब्दही नाही! विक्रीची खरी अडचण सुटली ती वेगळ्याच युक्तीने. बॉक्स साध्या कागदात गुंडाळून काउंटरवरच ठेवायचे, शेजारी पैसे टाकायला डबा, बाईने यायचं, पैसे टाकायचे, बॉक्स उचलायचा, कुणाशी एक शब्द बोलायची गरज नाही. १९२८ च्या सुमारास मोडेस या दुसऱ्या पॅडच्या ब्रँडने तर जाहिरातीतच कूपन छापलं, ते कापून दुकानदाराच्या हातात द्यायचं की तो गुपचूप बॉक्स देणार. त्याच वर्षी कोटेक्सच्या जाहिरातीत ली मिलर या मॉडेलचा फोटो आला, तोही तिला न विचारता.

आणि पाळीला सरळ पाळी म्हणायला? अमेरिकेत टीव्हीवर अशा जाहिराती १९७२ पर्यंत चालायच्याच नाहीत, त्यानंतरही 'ते दिवस' वगैरेच चालू राहिलं. जाहिरातीत 'पिरियड' हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला तो १९८५ मध्ये, टॅम्पॅक्स या टॅम्पॉनच्या टीव्ही जाहिरातीत, 'फ्रेंड्स'मधल्या कोर्टनी कॉक्सच्या तोंडून.