हिप्नॉटिक अंडरवर्ल्ड

जपानमधील घोस्ट या वाद्यवृंदाचा सायकेडेलिक फोक (लोकसंगीत आणि भ्रमावस्थेचा आभास देणारे ध्वनी यांचा मेळ) शैलीतील अल्बम. अमेरिकेतील ड्रॅग सिटी या कंपनीने तो २००४ मध्ये प्रकाशित केला. गायक-गिटारवादक मासाकी बातो यांनी १९८४ मध्ये टोकियोत घोस्टची स्थापना केली होती. त्यांचे सुरुवातीचे अल्बम हिदेओ इकेएझुमी यांच्या पीएसएफ या छोट्या कंपनीने काढले. १९९९ मध्ये लागोपाठ दोन अल्बम आल्यानंतर पाच वर्षांनी हा आला.

शीर्षकरचना चार भागांची असून सुमारे चोवीस मिनिटे चालते. पहिला भागच तेरा मिनिटांहून मोठा आहे. त्यात चाल म्हणावी असे काही नाही. खर्जातला बास, दुरून येणारा सॅक्सोफोन आणि मधूनच वाजणारी तालवाद्ये. बरेच श्रोते इथेच कंटाळून पुढचे गाणे लावतात, आणि त्यांचे नुकसान होते. कारण दुसऱ्या भागात बासची एक ठाम, फिरून फिरून येणारी ओळ सुरू होते, तेव्हा इतका वेळ अंधारात चाचपडणाऱ्या कानाला पायाखाली जमीन लागल्यासारखे वाटते. तिसऱ्यात बातोंचा आवाज आणि रॉकचा दणका. चौथा भाग तर जेमतेम वीस सेकंदांचा.

पुढच्या गाण्यांत अकूस्टिक गिटार, बासरी, ल्यूट, हार्प आणि तबला यांच्या जोडीला मेलोट्रॉन आणि थेरेमिन ही विजेवरची वाद्ये येतात. मेलोट्रॉन हे पियानोसारख्या पट्ट्यांचे वाद्य; त्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो. पट्टी दाबून धरली की तो सरकू लागतो आणि साधारण आठ सेकंदांत संपतो. म्हणून वादकाला हात उचलून पुन्हा ठेवावाच लागतो. थेरेमिनला तर स्पर्शही करायचा नसतो, हवेत हात हलवून स्वर धरायचा. ही यंत्रेही अशी हातावर चालणारी असल्यामुळे बासरीशेजारी ती उपरी वाटत नाहीत. अल्बमचे खरे यश यात आहे.

घोस्टचे गिटारवादक मिचिओ कुरिहारा यांची इलेक्ट्रिक गिटार ‘फीड’ या गाण्यात मनसोक्त ऐकायला मिळते. ‘गनगमनग’ ही लांबलचक वाद्यरचना आहे. दोन गाणी मूळ इतरांची: ‘हेझी पॅराडाइज’ डच वाद्यवृंद अर्थ अँड फायर यांचे, तर ‘डॉमिनोज’ पिंक फ्लॉइड या ब्रिटिश वाद्यवृंदाचे एक संस्थापक सिड बॅरेट यांचे. दोन्ही १९७० सालची. ‘डॉमिनोज’ला बातोंनी स्वतःची रचना जोडून अल्बमचा शेवट केला आहे.

घोस्ट २०१४ मध्ये विसर्जित झाला. त्याआधी, २०१२ मध्ये, अ‍ॅक्युपंक्चरचा व्यवसाय करणाऱ्या बातोंनी मेंदूतील विद्युतलहरींचे ध्वनीत रूपांतर करणारे यंत्र वापरून ‘ब्रेन पल्स म्युझिक’ हा अल्बम केला. त्या यंत्रातून ध्वनी काढायला माणसाला हातही हलवावा लागत नाही.