टाकीचा भार लाकडावर द्या, स्क्रूवर नको
मोठ्या फिश टँकसाठी लाकडी स्टँड करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचं काम काचेच्या टाक्या बनवण्याचं. स्टँड मात्र बरेच ग्राहक स्वतः करतात, नाहीतर ओळखीच्या सुताराकडून करून घेतात. आमची त्याला काहीच हरकत नाही. घरातल्या फर्निचरला शोभेल असा स्टँड घरच्या सुतारालाच चांगला जमतो. पण टाकीखाली नेमकं काय लागतं हे न सांगता टाकी तुमच्या हाती देणं आम्हाला पटत नाही. तळाला तडा गेलेली टाकी पाहायला आम्हाला बोलावलं जातं, तेव्हा आम्ही आधी काच बघत नाही, स्टँड बघतो. आणि कारण बहुधा तिथेच सापडतं.

आधी वजनाचा हिशेब

लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि हजाराने भागा. आलेला आकडा म्हणजे लिटर, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १२० × ४५ × ६० ची टाकी घ्या. काठोकाठ ३२४ लिटर. वरची पाच सेंटिमीटर मोकळी सोडली आणि वाळू-दगडांनी व्यापलेली जागा वजा केली, तर पाणी राहतं सुमारे २७० किलो. १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन चौरस मीटरला ३० किलो पडतं, म्हणजे या टाकीची नुसती काचच ७५ किलोंची. पाच सेंटिमीटर वाळूचा थर ४० किलोंच्या पुढे जातो. दगड-ओंडक्यांचे २० किलो धरा. बेरीज ४१० किलोंच्या आसपास. स्टँडचं स्वतःचं वजन धरलं तर जमिनीवर साडेचारशे किलो.

स्टँड तयार झाला की सुतार त्यावर उभा राहून दाखवतो, "बघा, हललासुद्धा नाही." सुताराचं वजन सत्तर किलो असेल, तर टाकीचं वजन म्हणजे तसे सहा सुतार. शिवाय ते उतरून जाणार नाहीत, वर्षानुवर्षं तिथेच राहणार. लाकडाचा एक गुण इथे लक्षात ठेवायला हवा. सतत भार असला की ते हळूहळू आणखी वाकत जातं. पहिल्या दिवशी दांडीला जेवढा बाक आला, तो काही वर्षांत दुपटीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून एकदा उभं राहून केलेली परीक्षा आम्ही परीक्षा मानत नाही.

स्टँड कुठे हरतो

लाकूड चिरडून स्टँड कोसळेल अशी भीती बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात उभ्या तंतूंच्या दिशेने दाब आला तर लाकूड फार मोठा भार पेलतं. चार सेंटिमीटर चौरसाचा, गाठी नसलेला, पाऊण मीटर लांबीचा एकच पाय सरळ दाबाखाली या टाकीचा सगळा भार पेलू शकतो. आपण तर असे चार-सहा पाय लावतो. पाय हरत नाहीत. हरतात ते सांधे, आणि हरतो तो स्टँडचा ताठपणा.

आधी सांध्यांचं बघू. पायाच्या बाजूला आडवी दांडी टेकवून दोन स्क्रू मारले की चौकट तयार होते आणि दिसतेही छान. पण त्या चौकटीत टाकीचा सगळा भार त्या दोन-दोन स्क्रूंवर लटकतो. आम्ही असा एक जुना स्टँड सोडवला होता. स्क्रू बाहेर काढले तर प्रत्येकाला मधोमध बारीकसा बाक आलेला, आणि लाकडातलं गोल भोक खालच्या बाजूला लांबुळकं झालेलं. वरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नव्हतं. दांडी फक्त दोन मिलिमीटर खाली बसली होती. काचेला तेवढंही पुरतं.

म्हणून वरच्या चौकटीची दांडी पायाच्या डोक्यावर बसली पाहिजे, बाजूला नाही. पाय खालच्या चौकटीवर आणि खालची चौकट जमिनीवर. टाकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत बोट फिरवत या. वाटेत कुठेही बोट लाकडावरून स्क्रूवर गेलं, म्हणजे भार पुढे नेणारं दुसरं काहीच उरलं नाही, तर तो सांधा बदलून घ्या. स्क्रूचं काम लाकूड जागच्या जागी धरून ठेवणं एवढंच आहे. त्यासाठी पायाच्या आतल्या बाजूला एक उभी पट्टी लावा. ती वरच्या आणि खालच्या दांडीला आतून चिकटते, आणि स्क्रू त्या पट्टीतून जातात. पायाच्या टोकातून, म्हणजे तंतूंच्या दिशेने मारलेला स्क्रू नीट धरत नाही, हे चांगल्या सुताराला सांगावं लागत नाही. आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू फिरवायचा, नाहीतर कडेचं लाकूड चिरतं. सांध्यांना सरसही लावा, पण ओल लागली तरी न सुटणारा.

आता ताठपणा. चार पाय आणि दोन चौकटी जोडल्या तरी तो सांगाडा बाजूने ढकलला की तिरका होऊ पाहतो, रिकाम्या फोटोफ्रेमसारखा. त्यात टाकीतलं पाणी डुलत असतं. कोणी धडकलं की ते एका बाजूला चढतं आणि परत येताना स्टँडला आणखी ढकलतं. उपाय सोपा आणि स्वस्त आहे. मागच्या बाजूला आणि दोन्ही कडांना १२ मिलिमीटरचं प्लाय सरस आणि स्क्रू मारून चौकटीला पक्कं बसवा. प्लाय नको असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी पट्टी द्या. पाइप जायला मागच्या प्लायला भोकं पाडावी लागतात. ती मधल्या भागात पाडा, कोपऱ्यांत नको. टाकी ठेवण्याआधी स्टँडच्या वरच्या कोपऱ्याला हाताने जोरात आडवं ढकलून बघा. जराही डुगडुगला तर काम बाकी आहे.

दांडी उभी लावा

३८ × ९० मिलिमीटरची दांडी आडवी, म्हणजे पसरट बाजूवर झोपवून लावलेली आम्ही अनेकदा पाहतो. दिसायला ती रुंद आणि भक्कम वाटते. पण लाकडाचा ताठपणा त्याच्या उंचीच्या घनाने वाढतो. उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट, रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. हीच दांडी उभी लावली तर आडवीपेक्षा साडेपाचपट ताठ होते. वरच्या टाकीचा निम्मा भार पुढच्या दांडीवर येतो असं धरा. मधे आधार नसलेल्या ११० सेंटिमीटर अंतरात मऊ लाकडाची दांडी आडवी लावली तर जवळपास साडेनऊ मिलिमीटर वाकते, उभी लावली तर पावणेदोन मिलिमीटर. लाकूड तेच, खर्च तोच.

मधोमध आणखी एक पाय दिला तर प्रश्नच मिटतो. आधारांमधलं अंतर निम्मं झालं की बाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. अडचण एकच, समोरचा मधला पाय आतल्या फिल्टरच्या किंवा संपच्या (पाणी गाळायला स्टँडच्या आत ठेवतात त्या दुसऱ्या लहान टाकीच्या) वाटेत येतो. संप बसवणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे की दरवाजाची मोकळी जागा संपच्या लांबीपेक्षा मोठी ठेवा. काही जण संप आत ठेवून मग स्टँड बंद करतात. कधी त्याला गळती लागली, तर तो बाहेर काढायला आख्खी टाकी रिकामी करावी लागते. मोठा दरवाजा हवा असेल तर मधला पाय फक्त मागे द्या आणि पुढची दांडी १२० ते १४० मिलिमीटर उंचीची घ्या. दीड मीटरपेक्षा लांब टाकीला मात्र पुढेही मधला पाय द्यावा असंच आमचं मत आहे. तिथे दिसण्यासाठी तडजोड करू नये.

लाकूड कोणतं

सागवान उत्तम, यात वाद नाही. पण नीट वाळलेलं, सरळ तंतूंचं पाइनही चालतं. लाकडाच्या जातीपेक्षा ते वाळलेलं असणं महत्त्वाचं. ओलं लाकूड वाळताना पिळवटतं. सकाळी सपाट असलेली चौकट महिन्याभरात एका कोपऱ्यात उचलली जाते. शंका असेल तर एक तुकडा वजन करून ठेवा आणि दर आठवड्याला पुन्हा वजन करा. वजन घटायचं थांबलं की लाकूड वाळलं. वरचा तक्ता १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायचा घ्या. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ टाळा. कडेतून एकदा पाणी शिरलं की ते फुगतात आणि वाळल्यावरही पूर्वीसारखे होत नाहीत. टाकीजवळ पाणी सांडणारच, पाणी बदलताना तर हमखास.

म्हणूनच पॉलिश किंवा पी.यू. कोटिंग फक्त समोरच्या दर्शनी भागाला देऊन थांबू नका. प्लायच्या कापलेल्या कडा, पाइपची भोकं, पायांची खालची टोकं यांना दोन हात जास्त द्या. उघड्या टोकातून लाकूड पाणी शोषून घेतं. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत मासे आणू नका. आणि वाळवीचं औषध मारायचं असेल तर टाकी घरात येण्याआधी, स्टँड बाहेर असतानाच मारा. कीटकनाशकांतली काही द्रव्यं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक ठरतात.

सपाटी

आमच्या दृष्टीने या पत्रकातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा. काच भार पेलते, पीळ पेलत नाही. एक कोपरा कागदाच्या चार घड्यांइतका उंच राहिला तरी तो ताण तळाच्या काचेत रोज, अहोरात्र राहतो.

पाणसळ (स्पिरिट लेव्हल) फक्त उतार सांगते, पीळ सांगत नाही. पीळ पाहायला दोन दोऱ्या घ्या. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर तिरप्या ताणून बांधा, म्हणजे त्या मधोमध एकमेकींना ओलांडतील. दोऱ्या एकमेकींना जेमतेम शिवल्या पाहिजेत. एक दुसरीला दाबत असेल किंवा मधे फट दिसत असेल तर तक्ता पिळलेला आहे. मग वरची दोरी खाली घेऊन पुन्हा बघा, म्हणजे दोरीच्या जाडीचा फरक पकडता येतो. त्यानंतर लांब, सरळ पट्टी तक्त्यावर उभी धरा आणि मागून टॉर्च मारा. पट्टीखालून जिथे प्रकाश येतो तिथे खळगा आहे. साधा कागद त्या फटीत सरकून गेला तर रंधा मारायची वेळ झाली. शेवटी तक्त्यावरून तळहात फिरवा. वर राहिलेलं स्क्रूचं डोकं आणि वाळलेल्या सरसाचा थेंब डोळ्याआधी हाताला लागतो.

आमच्या टाक्यांचा तळ उघड्या काचेचा असतो, त्यामुळे तक्ता आणि टाकी यांच्यामध्ये ६ ते १० मिलिमीटरचा फोम संपूर्ण तळाखाली पसरा. फोम वाळूचा एखादा कण सामावून घेतो, वाकडा स्टँड सरळ करत नाही. खाली प्लॅस्टिकची चौकट असलेली टाकी तुमच्याकडे असेल, तर तिचा भार कडांवरच पडतो. तिच्याखाली फोम घालू नका. तक्ता टाकीपेक्षा थोडा मोठा चालेल, लहान अजिबात नको.

जागेवर बसवताना

फरशी क्वचितच सपाट असते. उताराची दुरुस्ती नेहमी स्टँडच्या खाली करा, टाकीच्या खाली कधीच नाही. पाचर मारायची तर खालच्या चौकटीला सलग टेकेल अशी, फक्त एका कोपऱ्यात नको. टाकी वरच्या मजल्यावर असेल तर ती खोलीच्या मध्यावर न ठेवता भार पेलणाऱ्या भिंतीलगत किंवा तुळईवर ठेवा. पाचशे किलोंच्या पुढे जाणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. स्टँड आणि टाकी मिळून १३५ सेंटिमीटर उंच आणि बूड फक्त ४५ सेंटिमीटरचं, म्हणून घरात लहान मुलं असतील तर स्टँडची मागची दांडी भिंतीला ब्रॅकेटने बांधा.

विजेचा बोर्ड स्टँडच्या आत तळाशी ठेवू नका, वरच्या बाजूला भिंतीवर घ्या. प्रत्येक वायर आधी खाली झोळ देऊन मग वर प्लगमध्ये न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशीच टपकतं.

पाणी एकदम भरू नका. पाव भाग भरून थांबा आणि चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. पाण्यासारखी दुसरी पाणसळ नाही. फरक दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आला तर पाणी काढून, टाकी उतरवून स्टँडखाली दुरुस्ती करा. भरलेल्या टाकीचा कोपरा उचलून पाचर सरकवण्याचा मोह टाळा. बरोबर असेल तर अर्धी भरा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मोजा, मग पूर्ण भरा. महिन्याभराने आणखी एकदा मोजा. तोपर्यंत लाकूड आपल्या जागी बसलेलं असतं.

स्टँड झाल्यावर टाकी उचलण्याआधी आम्हाला त्याचे चार फोटो पाठवा. समोरून, मागून, वरच्या एका कोपऱ्याचा अगदी जवळून, आणि तक्त्यावर पट्टी ठेवून मागे टॉर्च लावलेला. काही बदलायचं असेल तर आम्ही त्याच दिवशी सांगू. टाकी तोपर्यंत आमच्याकडेच राहू द्या.