हेलियम, विजयदुर्ग आणि १८६८चं ग्रहण

ऑगस्ट आला की व्हॉट्सॅपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो, की हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, लॉकियर नावाच्या साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ला तिथे दुर्बीण लावली आणि त्याला सूर्यात नवीन मूलद्रव्य सापडलं. किल्ल्यावर त्या दिवशी हेलियम दिन पण साजरा होतो. जरूर करा, त्या निमित्ताने पोरांना मूलद्रव्य म्हणजे काय ते कळत असेल तर उत्तमच. पण त्या दिवशी नॉर्मन लॉकियर इंग्लंडात होता. विजयदुर्गाचा आणि त्याचा संबंध आहे, अगदी खरा आहे, फक्त तो तीस वर्षं नंतरचा आहे.

मुळात पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्यात काय आहे हे इथे बसून कळतं कसं? वरण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते बघा, ते मिठातलं सोडियम. सोडियम तापलं की तोच पिवळा देणार, दुसरा नाही. हायडेलबर्गला बुन्सेन आणि किरखॉफ या जोडीने १८५९-६०मध्ये हेच पद्धतशीर मांडलं, तापवलेल्या पदार्थाचा प्रकाश प्रिझममधून फाकवून बघितला की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी दिसतात, ज्याच्या त्याच्या बोटांच्या ठशांसारख्या. याच जोरावर त्यांनी लगेच सिझियम आणि रुबिडियम ही दोन नवीन मूलद्रव्यं शोधली. हे यंत्र म्हणजे स्पेक्ट्रोस्कोप, आणि ते हातात आल्यावर ग्रहणाची वाट बघणं आलंच, कारण सूर्याच्या कडेला ज्या लालसर ज्वाळा दिसतात त्या एरवी उजेडात दिसतच नाहीत.

१८ ऑगस्ट १८६८चं खग्रास ग्रहण त्या दृष्टीने लॉटरी होतं. सावलीचा पट्टा आपल्या देशाच्या आडव्या पोटातून गेला, जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टण असा, आणि गुंटूरला खग्रास स्थिती पाच मिनिटांच्या वर टिकली. फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सन गुंटूरला, ब्रिटिशांचा टेनंट पण तिथेच, जॉन हर्शेल जमखंडीला, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणला. सगळ्यांना दिसलं ते हेच की त्या ज्वाळांच्या प्रकाशात चमकदार रेषा आहेत, म्हणजे त्या तापलेल्या वायूच्या आहेत आणि त्यात हायड्रोजन आहे. एक पिवळी रेषा पण होती. बहुतेकांनी ती सोडियमचीच धरली, पॉगसनने मात्र 'त्या जागी किंवा तिच्या जवळ' अशी नोंद केली, पण त्याचा रिपोर्ट मद्रासबाहेर फारसा कोणी वाचलाच नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात अन्याय झाला तो या माणसावर.

जान्सनचं डोकं वेगळ्याच दिशेला चाललं. रेषा इतक्या झगझगीत आहेत तर ग्रहण कशाला हवं, असं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भर उन्हात त्या ज्वाळा पकडून दाखवल्या. इकडे लॉकियर, पेशाने वॉर ऑफिसमधला कारकून, आकाश बघणं हा फावल्या वेळचा उद्योग, त्याने पण हीच युक्ती स्वतंत्रपणे २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून जमवली. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली आणि फ्रान्सने पुढे दोघांचे चेहरे कोरलेलं पदक काढलं. पण हे पदक पद्धतीबद्दल होतं, हेलियमबद्दल नाही, ही गोष्ट फॉरवर्डवाले सोयीने गाळतात.

ती पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांच्या जरा बाजूला आहे हे लॉकियरने मोजून दाखवलं. तिला डी-३ म्हणतात, ५८७.६ नॅनोमीटर, सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६. एवढ्याशा फरकावर नवीन मूलद्रव्य आहे म्हणणं हे धाडसच होतं, रसायनवाले लोक काही मानेनात. १८७१ला विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, जाहीर भाषणात हेलियम हे नाव घेतलं तरी पृथ्वीवर ते कोणी बघितलं नव्हतं. शेवटी १८९५च्या मार्चमध्ये लंडनला विल्यम रॅमसे क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमवाल्या खनिजातून आर्गॉन मिळतो का बघत होता, आणि निघाला तो भलताच वायू, ज्याची रेषा नेमकी डी-३. म्हणजे रेषा दिसल्यापासून वायू बाटलीत येईपर्यंत २७ वर्षं गेली.

आता विजयदुर्ग. २२ जानेवारी १८९८ला परत खग्रास ग्रहण आलं आणि यावेळी लॉकियर खरोखर किल्ल्यावर आला, मेल्पोमिनी या युद्धनौकेवरचे खलाशी हाताशी धरून, त्यांना यंत्रं कशी चालवायची ते शिकवून. किल्ल्यावर जे 'साहेबाचे कट्टे' दाखवतात ते या मोहिमेशी जुळतात. त्याच दिवशी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नेगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला आपली यंत्रं लावून बसले होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळी पण जेऊरलाच. नेगमवालांचं नाव आपल्याकडे कितीजणांना माहीत आहे? त्यांच्यावर फॉरवर्ड येत नाही.

हेलियमचा आज आपल्याशी संबंध येतो तो बहुतेक एमआरआयच्या खोलीत. १९०८ला लायडनमध्ये कॅमरलिंग ओनेसने हा वायू द्रवरूप केला, उणे २६९ अंशांला, आणि मशीनमधलं सुपरकंडक्टिंग (म्हणजे अतिथंड केल्यावर विजेला अजिबात अडथळा न करणारं) चुंबक आज त्याच थंडाव्यावर चालतं. गोची अशी की जमिनीखाली युरेनियम, थोरियम फुटून हा वायू करोडो वर्षांत साठतो आणि एकदा हवेत सुटला की हळूहळू अवकाशात निघून जातो. अमेरिका, कतार अशा मोजक्या देशांतल्या नैसर्गिक वायूच्या विहिरींतून तो मिळतो, आपण जवळपास सगळा बाहेरून आणतो. आणि जत्रेतला तरंगणारा फुगा? त्यात बहुतेक वेळा हेलियम नसतोच, परवडत नाही, फुगेवाले कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचा चुरा वापरून हायड्रोजन बनवतात, म्हणून तर त्यांच्या सिलिंडरचे स्फोट होतात. पोराला फुगा घ्यायचाच असेल तर सिलिंडरपासून लांब उभं करा.