पॅट समिट यांच्या संघातली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली?

टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल प्रशिक्षक पॅट समिट (१९७४-२०१२, १०९८ विजय, ८ राष्ट्रीय विजेतेपदं) यांच्याबद्दल सर्रास सांगितलं जातं की, त्यांच्या हाताखाली खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. हे अर्धवट आहे. खरा दावा असा: ज्यांनी टेनेसीतच खेळण्याची पात्रता पूर्ण केली, त्या सगळ्यांनी पदवी घेतली. पात्रता म्हणजे साधारण ४ हंगाम. मध्येच दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या मुली या हिशेबात येतच नाहीत.

आकड्यांचा घोळ इथेच होतो. अमेरिकेच्या सरकारी पदवी-दरात (किती टक्के खेळाडूंनी पदवी घेतली, तो आकडा) ६ वर्षांची मुदत असते आणि सोडून गेलेली खेळाडू 'अपयशी' धरली जाते. एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडासंस्थेच्या दरात मात्र अभ्यासात मागे नसताना गेलेली खेळाडू वगळतात. एकाच संघाचे दोन आकडे त्यामुळे वेगळे दिसतात.

अट लावली म्हणून समिट यांचं काम तसूभरही लहान होत नाही. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं आणि तास बुडवायचा नाही, हे त्यांचे नियम होते. ३८ हंगाम ही शिस्त टिकवणं सामने जिंकण्याहून अवघड आहे.