मार्गारेट मरे

मरे, मार्गारेट अ‍ॅलिस (१३ जुलै १८६३ – १३ नोव्हेंबर १९६३) : ब्रिटिश इजिप्तविद्या-अभ्यासक (प्राचीन इजिप्तच्या अभ्यासक) आणि प्राध्यापिका. जन्म कोलकाता येथे. त्यांचे शालेय शिक्षण सलग असे झाले नाही. काही काळ त्यांनी कोलकात्याच्या रुग्णालयात परिचारिकेचे काम केले. १८९४ मध्ये, तिशी उलटल्यावर, त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राचीन इजिप्ती चित्रलिपी शिकू लागल्या. तेथे लेखिका अमेलिया एडवर्ड्‌स यांच्या देणगीतून १८९२ मध्ये इजिप्तविद्येचे अध्यासन सुरू झाले होते आणि त्यावर पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांची नेमणूक झाली होती.

पेट्री दर हिवाळ्यात उत्खननासाठी इजिप्तला जात, त्यामुळे वर्ग चालवण्याचे काम हळूहळू मरे यांच्याकडे आले. १८९८ मध्ये त्या कनिष्ठ व्याख्याता झाल्या. ब्रिटनमध्ये पुरातत्त्वाच्या व्याख्यातापदी नेमलेली ही पहिलीच स्त्री. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी त्यांनी १९०५ मध्ये प्राचीन इजिप्ती भाषेचे प्राथमिक व्याकरणही प्रसिद्ध केले. पुढे नावारूपाला आलेले कित्येक उत्खनक त्यांच्याच हाताखाली शिकले, पण विभागाची कीर्ती पेट्रींच्याच नावावर जमा होत राहिली.

प्रत्यक्ष क्षेत्रकार्य त्यांच्या वाट्याला थोडेच आले. १९०२–०३ च्या हंगामात अ‍ॅबिडॉस येथे पहिला सेती या इजिप्ती राजाच्या मंदिरामागील ऑसिरिऑन ही भूमिगत वास्तू त्यांनी उजेडात आणली. पुढच्या हंगामात सक्कारा येथील मस्तबा-थडग्यांवरील (सपाट छपराच्या आयताकृती थडग्यांवरील) लेखांच्या नकला उतरवल्या. मँचेस्टरच्या संग्रहालयासाठी त्यांनी केलेले काम अधिक गाजले. इजिप्तमधील रिफे येथे सापडलेल्या, बाराव्या राजवंशाच्या काळातील दोन भावांच्या ममींपैकी ख्नुमनख्त याची ममी त्यांनी मे १९०८ मध्ये सुमारे पाचशे प्रेक्षकांसमोर उलगडली. हा निव्वळ तमाशा नव्हता : रसायन, वस्त्र आणि शरीररचना यांच्या जाणकारांना सोबत घेऊन केलेल्या या तपासणीचा तपशीलवार अहवाल १९१० मध्ये निघाला, आणि आजही तो त्यांच्या सर्वांत भक्कम कामांत गणला पाहिजे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इजिप्तला जाणे अशक्य झाल्यावर त्या युरोपातील चेटूकविद्येच्या इतिहासाकडे वळल्या. चेटकिणी म्हणून छळलेले लोक ख्रिस्तपूर्व धर्माचे अनुयायी होते, हा १९२१ च्या ग्रंथातील त्यांचा सिद्धांत इतिहासकारांनी पुढे साफ नाकारला. पुराव्यातील सोयीची वाक्ये तेवढी निवडल्याचा आक्षेप रास्तच आहे. दुर्दैवाने सामान्य वाचकाला त्या मुख्यतः याच ग्रंथामुळे ठाऊक आहेत.

त्या १९२४ मध्ये सहायक प्राध्यापक झाल्या, १९२७ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट मिळाली आणि १९३५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यानंतरही लेखन थांबले नाही : इजिप्ती संस्कृतीचा सर्वसामान्यांसाठी लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये, तर आत्मचरित्र वयाच्या शंभराव्या वर्षी, १९६३ मध्ये प्रकाशित झाले.