घरटे सोडल्यानंतरचे करकोचे : एका उशिरा विचारलेल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

करमळीच्या तळ्यात उथळ पाण्यात चोच खुपसून चालणारा मुग्धबलाक हा करकोचा गोव्यातील पक्षीनिरीक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मात्र त्याच्या जातभाईंची पिल्ले भक्ष्य शोधायला कशी शिकतात, हा प्रश्न पक्षिशास्त्राने बराच उशिरा हाती घेतला. पिल्लू घरट्यात असेपर्यंत त्याचे वजन आणि आहार मोजता येतो. उडाल्यावर ते नजरेआड होते, आणि शिकण्याचा खरा काळ तर तेव्हाच सुरू होतो.

सुरुवातीचे कुतूहल चोचीपुरते होते. मुग्धबलाकाच्या दोन जबड्यांमधील फट शंखांची कवचे फोडताना झिजून पडते, असा जुना समज होता. पिल्लांची चोच मात्र सरळ असते आणि फट वयाबरोबर तयार होते. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी १९६० मध्ये या चोचीची स्वतंत्र चिकित्सा केली. हा पक्षी बहुधा कवच फोडतच नाही. खालच्या चोचीचे टोक आत सरकवून तो स्नायू तोडतो आणि गोगलगायीचे मऊ शरीर अखंड बाहेर काढतो. इतके नाजूक काम नवख्या पक्ष्याला पहिल्याच दिवशी साधत असेल, असे मानणे कठीण आहे.

पुढे १९६३ मध्ये काल (Kahl) आणि पीकॉक या अभ्यासकांनी अमेरिकेतील वुड स्टॉर्क या करकोच्यावर प्रयोग करून दाखवले की, मासा चोचीला लागताच ती सुमारे २५ मिलिसेकंदांत मिटते. आपला चित्रबलाक याच प्रजातीतला (जीनस). मिटण्याची ही क्रिया प्रतिक्षिप्त आहे. पण चोच कोणत्या पाण्यात घालावी आणि कोणते डबके सोडून द्यावे, हे प्रतिक्षिप्त क्रियेने ठरत नाही, आणि माझ्या मते स्वावलंबनाचे मर्म तिथेच आहे.

सर्वाधिक माहिती युरोपातील पांढऱ्या करकोच्याची आहे. त्याची पिल्ले साधारण दोन महिन्यांची झाल्यावर उडतात आणि नंतरही एक ते तीन आठवडे पालकांकडून अन्न घेतात. तेव्हाच्या जर्मनीतील पूर्व प्रशियातल्या रोसिटन पक्षी-अभ्यास केंद्राच्या अभ्यासकांनी अल्पवयीन करकोचे पश्चिम जर्मनीत नेऊन, स्थानिक करकोचे निघून गेल्यावर सोडले, तेव्हा ते आपल्या मूळ भागातील करकोच्यांप्रमाणे आग्नेयेच्या रोखाने निघाले. म्हणजे स्थलांतराच्या दिशेचे ज्ञान उपजत होते. पक्ष्याच्या पायात घातलेले ओळखीचे कडे मात्र पक्षी कुठून निघाला आणि कुठे सापडला एवढेच सांगते, मधली वाटचाल नाही. ती दिसली उपग्रह आणि जीपीएस यंत्रांमुळे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या स्थलांतरात लहान पक्षी प्रौढांपेक्षा जास्त पंख मारतात, म्हणजेच जास्त ऊर्जा खर्च करतात, असे आढळले. २०२४ च्या अभ्यासाने वयाबरोबर त्यांचे मार्ग अधिक सरळ होत जातात हे दाखवले.

मुग्धबलाकाचे लहान पक्षीही घरटे सोडल्यावर दूरवर पांगतात. भरतपूरला कडे घातलेले पक्षी ८०० किलोमीटर पूर्वेला सापडले आहेत. अशा भटक्या, अननुभवी पक्ष्याला गोगलगायी असलेले उथळ गोडे पाणी वाटेत मिळावे लागते. गोव्यातील खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनींत, ते बांध आणि मानशीवर (पाणी अडवण्या-सोडण्याच्या दारावर) अवलंबून आहे; बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की भाताबरोबर गोड्या पाण्यातील गोगलगायीही जातात.